झाडांच्या अंतरंगातील कवके : औषधांचा दडलेला ठेवा

बुरशी म्हटली की नुकसानीचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर चढणारा हिरवट थर, ज्वारीच्या कणसातील काणी, गव्हावरील तांबेरा, द्राक्षवेलींवर पडणारी भुरी ही सर्व बुरशीचीच करणी होय. शेतकरी तिला शत्रू मानतो यात नवल नाही. परंतु वनस्पतिशास्त्रात जिला 'कवक' असे नाव आहे, त्या या जीवसृष्टीने मानवजातीवर थोर उपकारही केले आहेत. १९२८ साली लंडन येथे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलियम या कवकाभोवतीचे रोगजंतू नष्ट झालेले दिसले आणि त्या निरीक्षणातून प्रतिजैविकांचे युग सुरू झाले. भारतात पेनिसिलीनचे उत्पादन करण्यासाठी १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. त्याच कारखान्याच्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून 'हमायसिन' हे औषध शोधून काढले.

सूक्ष्मजीवांपासून औषधे मिळवावयाची तर माती चाळावयाची, असा संशोधकांचा दीर्घकाळ परिपाठ होता. गेल्या काही दशकांत मात्र त्यांचे लक्ष एका वेगळ्याच वसतिस्थानाकडे वळले आहे. हे वसतिस्थान म्हणजे निरोगी, हिरव्यागार झाडाचे अंतरंग. पानांच्या, सालीच्या आणि मुळांच्या पेशींमधील सूक्ष्म जागेत कवके निवास करून असतात आणि त्यांतील काही कवके औषधी द्रव्ये तयार करतात, असे आढळून आले आहे. या संशोधनाचा आपल्या सह्याद्रीशी निकटचा संबंध आहे. त्यातील एका महत्त्वाच्या प्रकरणाचा आरंभ तर खानदेशात जन्मलेल्या एका रसायनशास्त्रज्ञापाशी जाऊन पोहोचतो. म्हणूनच हा विषय प्रयोगशाळेबाहेरच्या सुबुद्ध नागरिकांनी, विशेषतः गावपातळीवर काम करणाऱ्यांनी, समजून घेण्याजोगा आहे.

अंतर्वासी कवक म्हणजे काय?

वनस्पतीच्या आत राहणाऱ्या आणि तिला रोगाची कोणतीही दृश्य बाधा न करणाऱ्या सूक्ष्मजीवांना 'एंडोफाइट' म्हणतात. मराठीत त्यांना 'अंतर्वासी' असे म्हणता येईल. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटन डी बारी यांनी १८६६ साली वनस्पतीच्या आत वाढणाऱ्या कवकांसाठी ही संज्ञा वापरली. पुढे शतकभर हा विषय काहीसा अडगळीतच राहिला. जे रोग करीत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही, त्याची विचारपूस कोण करणार? आज मात्र असे दिसून येते की, आजवर तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक वनस्पतीत असे अंतर्वासी आहेत. गवताच्या पात्यापासून वडाच्या पानापर्यंत कोणीही याला अपवाद नाही.

हे कवक झाडात शिरते कसे? याचे दोन मुख्य मार्ग आहेत. काही गवतांमध्ये कवकाचे तंतू बीजातच उतरतात आणि बीज रुजले की नव्या रोपासोबत वाढू लागतात. एखाद्या घराण्यातील वारसा पिढ्यान्‌पिढ्या चालावा, तसा हा प्रकार. वृक्षांच्या बाबतीत बहुधा दुसरा मार्ग दिसतो. कवकाचे सूक्ष्म बीजाणू वाऱ्याने व पावसाच्या थेंबांनी पानांवर येऊन पडतात आणि पर्णरंध्रांतून किंवा पानाच्या त्वचेतून आत शिरतात. त्यामुळे कोवळ्या पालवीत ते विरळ असतात आणि पान जून होत जाते तशी त्यांची संख्या वाढत जाते.

त्यांचा शोध घेण्याची रीत तत्त्वतः साधी आहे. निरोगी पान किंवा सालीचा तुकडा स्वच्छ धुऊन अल्कोहोल व सोडियम हायपोक्लोराइट यांच्या द्रावणांत ठराविक वेळ बुडवितात, म्हणजे पृष्ठभागावरील सर्व जंतू मरतात. नंतर निर्जंतुक पाण्याने धुऊन त्याचे बारीक काप करतात आणि बटाट्याचा अर्क, शर्करा व अगर यांपासून केलेल्या पोषकमाध्यमावर ते ठेवतात. काही दिवसांनी कापांच्या कडेतून पांढरे, करडे वा काळसर तंतू बाहेर येऊ लागतात. पृष्ठभाग खरोखर निर्जंतुक झाला होता की नाही हे पाहण्यासाठी धुतलेल्या पानाचा नुसता ठसा दुसऱ्या बशीत घेतात. त्या बशीत काहीच उगवले नाही, तर पहिल्या बशीतील कवक पानाच्या आतूनच आले असे खात्रीने म्हणता येते. प्रयोगशाळेत न वाढणारीही अनेक कवके असतात आणि त्यांचा माग आता त्यांच्या जनुकद्रव्यावरून काढला जातो.

पाहुणा, भाडेकरू की राखणदार?

झाड आपल्या पानात या कवकाला का राहू देते? या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही. काही अंतर्वासी नुसते निरुपद्रवी पाहुणे असतात. काही दबा धरून बसलेले असतात आणि झाड दुबळे झाले की रोग उत्पन्न करतात. तर काही मात्र राहण्याचे भाडे चोख देतात. झाडाकडून ते शर्करा घेतात आणि त्या बदल्यात किडींना वा इतर रोगकारक बुरशींना मारक अशी द्रव्ये तयार करतात. मध्य अमेरिकेतील पनामा येथे कोकोच्या झाडांवर केलेले प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाले. ज्या पानांत अंतर्वासी कवके सोडण्यात आली होती, त्या पानांचे फायटॉप्थोरा या रोगकारक जीवामुळे होणारे नुकसान इतर पानांपेक्षा कमी झाले, असे त्यांत दिसले.

या सहजीवनाचे लाभ आणि धोके कसे हातात हात घालून येतात, याचा उत्तम धडा अमेरिकेतील कुरणांनी दिला आहे. तेथे १९४३ साली 'केंटकी ३१' नावाचे 'टॉल फेस्क्यू' जातीचे गवत प्रसारित झाले आणि आग्नेयेकडील राज्यांत पाहता पाहता पसरले. गवत हिरवेगार, काटक, अवर्षणाला दाद न देणारे. परंतु त्यावर चरणारी जनावरे खंगू लागली, दूध आटू लागले, काहींच्या शेपट्या व खूर सडू लागले. कारण कोणालाच उमगेना. १९७७ साली जॉर्जिया राज्यात चार्ल्स बेकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाचा संबंध गवताच्या आत राहणाऱ्या कवकाशी जोडून दाखविला. त्या कवकाने तयार केलेली अल्कलॉइड वर्गातील द्रव्ये जनावरांना बाधत होती. तेव्हा कवकरहित बियाणे तयार करण्यात आले. पण कवक गेले आणि त्याबरोबर गवताचा काटकपणाही गेला. अशी कुरणे उन्हात व किडींच्या हल्ल्यात टिकेनात.

न्यूझीलंडमध्येही असेच घडले. 'रायग्रास' या गवतावर चरणाऱ्या मेंढ्यांना झोकांड्या येत. त्यामागे अंतर्वासी कवक आहे हे १९८१ साली स्पष्ट झाले. परंतु हेच कवक गवताच्या खोडातील सोंड्या किडीपासून पिकाचे रक्षण करते हेही लगेचच ध्यानात आले. मग तेथील शास्त्रज्ञांनी असा वाण शोधला की जो किडीला दूर ठेवणारे द्रव्य तयार करतो, पण मेंढ्यांना झोकांड्या आणणारे द्रव्य तयार करीत नाही. 'ए. आर. १' या नावाने तो या शतकाच्या आरंभी शेतकऱ्यांच्या हाती आला. शत्रू समूळ नष्ट करण्यापेक्षा त्याच्या कुळातील भला सोबती निवडून घेणे हिताचे, हा या हकिकतीचा बोध होय.

भारतातील उदाहरणही उल्लेखनीय आहे. राजस्थानच्या थर वाळवंटातील झुडपांच्या मुळांभोवतीच्या मातीतून प्रा. अजित वर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळविलेल्या एका कवकाचे वर्णन १९९८ साली प्रसिद्ध झाले. 'पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका' असे त्याचे नामकरण झाले. आता ते 'सेरेंडिपिटा इंडिका' या नावाने ओळखले जाते. अनेक वनस्पतींच्या मुळांत ते सुखाने राहते आणि त्यांच्या वाढीस हातभार लावते असे प्रयोगांत दिसून आले आहे.

नंदुरबारचे सुपुत्र आणि दोन औषधे

आता औषधांकडे वळू. कर्करोगावरील दोन महत्त्वाच्या द्रव्यांचा शोध अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातील 'रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट' या संस्थेत लागला. डॉ. मन्रो वॉल आणि डॉ. मनसुख वाणी हे त्याचे शिल्पकार. डॉ. वाणी यांचा जन्म १९२५ साली त्या वेळच्या पश्चिम खानदेशातील नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी व पदव्युत्तर पदवी घेऊन ते पुढे अमेरिकेस गेले. २०२० साली त्यांचे निधन झाले. ज्या दोन द्रव्यांशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, ती म्हणजे कँप्टोथेसिन आणि टॅक्सॉल.

कँप्टोथेसिनची रचना १९६६ साली प्रसिद्ध झाली. 'कँप्टोथेका' या चिनी वृक्षापासून ते मिळाले होते. कर्कपेशींचे विभाजन होत असताना त्यांच्यातील जनुकद्रव्याचे पीळ सोडविणारे एक विकर काम करीत असते. कँप्टोथेसिन त्या विकरालाच जखडून टाकते आणि पेशी मरते. ही क्रिया १९८५ साली उलगडली. मूळ द्रव्य रुग्णांना देऊन पाहिले तेव्हा त्याचे दुष्परिणाम इतके तीव्र निघाले की १९७० च्या दशकात त्याच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्यात रासायनिक फेरफार करून तयार केलेली टोपोटिकॅन व इरिनोटिकॅन ही औषधे १९९६ साली अमेरिकेत मान्यता पावली आणि आज ती जगभर वापरली जातात.

टॅक्सॉलची कथा अधिक प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडील जंगलात वाढणाऱ्या 'पॅसिफिक यू' या सूचिपर्णी वृक्षाची साल १९६२ साली गोळा करण्यात आली आणि १९७१ साली तिच्यातील द्रव्याची रचना वॉल, वाणी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. हे द्रव्य कर्कपेशीच्या विभाजनाची यंत्रणा कशी गोठवून टाकते, ते सुसान हॉरविट्झ यांनी १९७९ साली दाखविले. १९९२ साली बीजांडकोशाच्या कर्करोगावरील औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली. परंतु अडचण होती ती पुरवठ्याची. यू वृक्ष अतिशय सावकाश वाढतो. शंभर वर्षांचा एक वृक्ष सोलला तर सुमारे तीन किलोग्रॅम साल मिळे आणि त्यातून हाती येई ते जेमतेम एका मात्रेपुरते औषध. साल काढली की झाड मरते. एका बाजूस मरणाच्या दारातील रुग्ण आणि दुसऱ्या बाजूस जुने अरण्य, असा हा पेच होता.

कवकाकडून मोठी अपेक्षा

नेमक्या याच वेळी अंतर्वासी कवकांनी सर्वांचे लक्ष वेधून घेतले. १९९३ साली मोंटाना राज्यातील अँड्रिया स्टिअर्ल, गॅरी स्ट्रोबेल व डोनाल्ड स्टिअर्ल यांनी असे जाहीर केले की, यू वृक्षाच्या अंतर्सालीत राहणारे एक कवक प्रयोगशाळेतील पोषकमाध्यमावरही अल्प प्रमाणात टॅक्सॉल तयार करते. 'टॅक्सोमायसिस अँड्रियानी' असे त्याचे नाव ठेवण्यात आले. कल्पना मोठी मोहक होती. झाड तोडावयास नको, साल सोलावयास नको. पेनिसिलीनप्रमाणे मोठमोठ्या किण्वन टाक्यांत कवक वाढवावे आणि औषध काढून घ्यावे. जगभरच्या प्रयोगशाळा या शोधास लागल्या आणि टॅक्सॉल देणाऱ्या अनेक कवकांची वृत्ते प्रसिद्ध झाली.

प्रत्यक्षात काय घडले? मूळ कवकापासून मिळणारे टॅक्सॉल एका लिटर द्रावणात ग्रॅमच्या एक अब्जांशाच्या काही पटींइतकेच, म्हणजे शंभर नॅनोग्रॅमहूनही कमी होते. ते वाढविण्याचे प्रयत्न कारखान्याच्या पातळीवर यशस्वी झाले नाहीत. पुढे जर्मनीतील संशोधकांनी टॅक्सोमायसिस कवकाच्या संपूर्ण जनुकद्रव्याची छाननी केली आणि २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात असे म्हटले की, टॅक्सॉल तयार करण्यास लागणारी जनुके त्यात आढळत नाहीत व कवक ते स्वतंत्रपणे बनवते याचा पुरावा मिळत नाही. इतर काही संशोधक आपापल्या कवकांबाबतच्या मूळ दाव्यांवर ठाम आहेत. पुरवठ्याचा प्रश्न मात्र दुसऱ्याच मार्गांनी सुटला. युरोपीय यू वृक्षाच्या पानांतून मिळणाऱ्या पूर्वद्रव्यापासून अर्धसंश्लेषणाने टॅक्सॉल तयार होऊ लागले. पाने पुन्हा येतात, त्यामुळे झाड मरत नाही. त्याखेरीज यू वृक्षाच्या पेशी टाक्यांत वाढवून औषध काढण्याची पद्धतही प्रस्थापित झाली. विज्ञानात मोहक कल्पनेलाही कसोटीला उतरावेच लागते, हे यावरून ध्यानात येईल.

सह्याद्रीतील नरक्या

सह्याद्रीत यू वृक्ष नाही, पण कँप्टोथेसिन देणारे झाड आहे. स्थानिक लोक त्याला 'नरक्या' म्हणतात, कोठे कोठे 'अमृता' असेही म्हणतात. एकाच झाडाला अशी दोन टोकांची नावे असावीत हे मौजेचे आहे. त्याच्या फुलांना येणारा उग्र दुर्गंध पहिल्या नावास कारण झाला असावा. शास्त्रीय नाव 'नोथापोडायटिस निमोनियाना'; जुन्या ग्रंथांत ते 'मॅपिया फीटिडा' म्हणून आढळते. महाबळेश्वर, कोयनेचे खोरे व दक्षिणेकडील घाटमाथ्यावरील सदाहरित रानांत हे लहानखुरे झाड वाढते.

१९७२ साली मुंबईत गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रातील डॉ. टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी या झाडात कँप्टोथेसिन असल्याचे दाखवून दिले. चिनी वृक्षाच्या मानाने त्याचे प्रमाणही पुष्कळच अधिक निघाले. हे वृत्त शास्त्राच्या दृष्टीने आनंदाचे, पण झाडाच्या दृष्टीने संकटाचे ठरले. मागणी वाढली तशी रानातील नरक्या बुंध्यापासून तोडून, ढलप्या करून बाहेर जाऊ लागला. चोरट्या तोडीची प्रकरणे सह्याद्रीच्या दक्षिण भागातून वेळोवेळी उघडकीस आली आहेत. ज्या मजुराने ते झाड तोडलेले असते, त्याच्या हाती पडते ती किरकोळ मजुरी आणि गुन्हा मात्र त्याच्याच नावावर लागतो.

या पार्श्वभूमीवर २००५ सालचे एक संशोधन लक्षणीय आहे. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. जी. एन. काझी, एस. सी. पुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारताच्या पश्चिम भागातील नरक्याच्या अंतर्सालीतून एक कवक वेगळे केले आणि ते पोषकमाध्यमात कँप्टोथेसिन तयार करते असे दाखविले. जर्मनीतील डॉर्टमुंड येथील प्रा. मायकेल स्पिटेलर यांचे त्यात सहकार्य होते. पुढे चिनी कँप्टोथेका वृक्षातील फ्युझेरियम जातीच्या एका कवकातही तेच द्रव्य आढळले.

परंतु येथेही एक अडसर उभा राहिला. झाडातून नुकतेच काढलेले कवक औषध तयार करते. त्याचा अंश दुसऱ्या बशीत, तेथून तिसऱ्या बशीत असा वाढवीत नेला की दर वेळी औषधाचे प्रमाण घटत जाते. नरक्यातील कवकांबाबत ही गोष्ट बंगळूर व जम्मू येथील संशोधकांनी २०१० साली मांडली. कवकाची वाढ चांगली होते, पण औषध मात्र कमी होते, असे त्यांना दिसले. याचे एक कारण कँप्टोथेका वृक्षातील कवकाच्या अभ्यासातून पुढे आले. औषध तयार होण्याच्या साखळीतील एका मोक्याच्या पायरीसाठी लागणारे विकर कवकाजवळ नाही. ती पायरी पार पाडण्यास त्याला यजमान झाडाचीच मदत लागते. म्हणजे हे काम एकट्याचे नसून दोघांनी मिळून चालविलेल्या संसारासारखे आहे. एकाला वेगळे काढले की संसार थांबतो.

या अभ्यासात आणखी एक गोष्ट समोर आली. कँप्टोथेसिन हे पेशीला मारणारे द्रव्य. मग ते बाळगणारे झाड आणि त्यातील कवक स्वतः कसे वाचतात? तर ज्या विकरावर हे द्रव्य घाला घालते, त्या विकराच्याच रचनेत त्या दोघांत असे बारीक बदल आढळले की विषाची मात्रा त्यावर चालू नये. विष पचविण्याची ही तयारी निसर्गात कोणत्या काळी व कोणत्या क्रमाने झाली, हा आता संशोधनाचा विषय आहे.

इतर काही आशास्थाने

अशीच काही उदाहरणे इतर वनस्पतींतही आढळली आहेत. हिमालयातील 'पोडोफायलम' या वनस्पतीपासून पोडोफायलोटॉक्सिन मिळते आणि त्यापासून कर्करोगावरील इटोपोसाइड हे औषध बनते. ही वनस्पतीही अतितोडीमुळे दुर्मीळ झाली आहे. तिच्यातील एका अंतर्वासी कवकातही पोडोफायलोटॉक्सिन आढळल्याचे वृत्त जम्मूच्याच प्रयोगशाळेने २००६ साली दिले. आपल्या परिचयाच्या कडुनिंबातील कीडनाशक द्रव्य ॲझाडिरॅक्टिन हे त्याच्या एका अंतर्वासी कवकातही सापडल्याची नोंद २०१२ साली झाली. मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात दालचिनीच्या झाडातून मिळालेले 'मस्कोडोर अल्बस' हे कवक निराळ्याच गुणाचे आहे. ते वायुरूप द्रव्यांचे एक मिश्रण सोडते आणि त्या वायूने आसपासच्या अनेक बुरशी व जंतू मरतात. साठवणुकीतील फळे कुजू नयेत यासाठी त्याचा उपयोग व्हावा या दिशेने प्रयोग झाले आहेत.

सर्वांत विस्मयकारक हकिकत मात्र अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील आहे. तेथे गरम पाण्याच्या झऱ्यांलगतच्या तापलेल्या जमिनीत एक गवत तग धरते. ही सहनशक्ती त्याला त्याच्या अंतर्वासी कवकामुळे लाभते, असे २००२ साली दिसून आले. २००७ साली त्याच्याही पुढचा उलगडा झाला. त्या कवकाच्या आत एक विषाणू असतो आणि तो काढून घेतला तर गवत व कवक या दोघांचीही उष्णता सोसण्याची शक्ती लोपते. गवतात कवक आणि कवकात विषाणू, अशी ही तिघांची सोबत आहे. वाढत्या तापमानाच्या काळात पिकांना अशा सोबत्यांची मदत घेता येईल काय, या प्रश्नाला त्यामुळे महत्त्व आले आहे.

जगातील कवकांच्या जातींची संख्या बावीस ते अडतीस लाख असावी असा अंदाज २०१७ साली मांडण्यात आला. त्यांपैकी ज्यांचे रीतसर वर्णन झाले आहे त्यांची संख्या दीड लाखाच्या आसपास भरते. न पाहिलेल्या कवकांपैकी फार मोठा भाग उष्ण प्रदेशातील वृक्षांच्या पानांत व सालीत असावा, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. पुणे येथील आघारकर संशोधन संस्थेत कवकांचा राष्ट्रीय संग्रह आहे व राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा. हे संग्रह म्हणजे एक प्रकारे सूक्ष्मजीवांच्या बियाण्यांच्या कणग्याच होत.

गावपातळीवर याचा अर्थ काय?

येथवरच्या विवेचनावरून कोणाचा असा समज होण्याचा संभव आहे की, कवकापासून औषध मिळणारच असेल तर झाड गेले तरी बिघडले कोठे? वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. आज तरी नरक्यातील कवक नरक्याची जागा घेऊ शकत नाही. शिवाय अंतर्वासी कवक हे झाडाच्या आश्रयाने राहणारे असल्याने झाडाबरोबर तेही जाते, आणि प्रयोगशाळेत मंदावलेल्या कवकाला पुन्हा जोम आणावयाचा तर नव्याने जावे लागते ते रानातील जिवंत झाडाकडेच. एकाच जातीच्या दोन झाडांतील कवकेही सारखी नसतात. म्हणून एखादी जुनी देवराई तुटली की तेथील वृक्षांसमवेत, ज्यांना कोणी कधी पाहिले नाही व नावही दिले नाही, अशा असंख्य जीवांचा ठेवा नाहीसा होतो.

या ठेव्याच्या संरक्षणासाठी कायद्याचे साहाय्य उपलब्ध आहे. २००२ च्या जैवविविधता अधिनियमात 'जैविक संसाधने' या संज्ञेत वनस्पती व प्राणी यांच्याबरोबर सूक्ष्मजीवांचाही स्पष्ट समावेश आहे. परकीय व्यक्तीस वा संस्थेस संशोधनासाठी किंवा व्यापारासाठी ही संसाधने घ्यावयाची असल्यास राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता आवश्यक असते. संसाधनांपासून होणाऱ्या लाभाचा न्याय्य वाटा त्यांचे जतन करणाऱ्यांना मिळावा, हे या अधिनियमाचे एक प्रमुख सूत्र आहे. २०२३ साली त्यात सुधारणा झाल्या असल्या तरी हे सूत्र कायम आहे. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे कार्यालय नागपूर येथे असून ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे.

ही नोंदवही कपाटात ठेवण्याचा एक कागद न राहता तिचा खरा उपयोग व्हावयाचा असेल, तर पंचायत सदस्यांनी काही गोष्टी अगत्याने कराव्यात. आपल्या हद्दीत नरक्यासारखी औषधी झाडे कोठे व किती आहेत, जुने वृक्ष व देवराया कोणत्या आहेत, याची नोंद गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांच्या साहाय्याने करावी. झाडपाला, साल वा मुळे नेण्यास बाहेरून कोणी आल्यास तो कोणाच्या परवानगीने आला आहे याची विचारणा करावी आणि शंका वाटल्यास वनविभागास कळवावे. चोरट्या तोडीच्या बाबतीत मजुराला धरून प्रकरण संपत नाही. माल कोठे जातो याचा माग काढणे हे संबंधित अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे.

शिक्षकांना या विषयात अध्यापनाची चांगली संधी आहे. विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली कुजलेल्या भाकरीवरची बुरशी दाखविली जाते. तिच्या जोडीला निरोगी पानातही कवक असते ही गोष्ट सांगितली, तर रोग आणि आरोग्य, शत्रू आणि मित्र यांविषयीच्या त्यांच्या कल्पना अधिक नेमक्या होतील. नंदुरबारसारख्या गावी जन्मलेल्या एका मुलाने रसायनशास्त्राच्या बळावर जगभरच्या रुग्णांना दिलासा दिला, हेही त्यांच्या कानी पडावे.

एक इशारा मात्र देणे अगत्याचे आहे. नरक्याची साल किंवा तिचा काढा हे कर्करोगावरील औषध नव्हे. शुद्ध कँप्टोथेसिनसुद्धा रुग्णांना सोसले नाही, हे वर सांगितलेच आहे. फेरफार करून तयार केलेली औषधेही तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिली जातात. तेव्हा 'अमृता' या नावाला भुलून कोणी सालीची भुकटी विकत असेल तर तिच्यापासून दूर राहावे आणि रुग्णाला वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे.

अंतर्वासी कवकांच्या संशोधनाने आजवर औषधांची कोठारे भरून दिलेली नाहीत. टॅक्सॉल व कँप्टोथेसिन ही दोन्ही औषधे अद्याप मुख्यत्वे वनस्पतींच्या आधारेच मिळतात. परंतु झाड आणि कवक मिळून एखादे द्रव्य कसे घडवितात याचे कोडे हळूहळू उलगडत आहे, आणि कुरणांच्या बाबतीत तर या ज्ञानाचा शेतकऱ्याला प्रत्यक्ष लाभ झालेला आहे. हे कोडे पूर्ण सुटेपर्यंत सह्याद्रीतील नरक्या व त्याचे अदृश्य सोबती रानात उभे राहिले पाहिजेत. ती जबाबदारी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ पार पाडू शकत नाहीत. ती रानाच्या कडेला राहणाऱ्या गावाची आणि त्या गावाच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या शासनयंत्रणेची आहे.